घरबसल्या एम.ए., पण वर्ग हवाच

इंग्रजी शिकवणाऱ्यांना नोकरी न सोडता भाषाअध्यापनातली एम.ए. करता येते. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं हा अभ्यासक्रम ऑनलाइन चालवतात; अर्धवेळ केला तर साधारण दोन-तीन वर्षं जातात. व्याकरण, ध्वनिशास्त्र, चाचण्या कशा काढायच्या, शेवटी प्रबंध, एवढं सगळं घरबसल्या होतं.

खरी मेख प्रात्यक्षिकात आहे. काही ठिकाणी स्वतःच्या तासाचं चित्रीकरण करून त्यातली थोडी मिनिटं शब्दन्‌शब्द उतरवून काढायला लावतात. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबलो, ते तेव्हा दिसतं. अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास हे मोजलं, तर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. मुलांनी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न! नुसती व्याख्यानं ऐकून हे उमगत नाही. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्रासाठी म्हणूनच परीक्षकांच्या नजरेखाली ६ तास शिकवावं लागतं, ऑनलाइन केलं तरी.

आता कागदपत्रं. ही एम.ए. म्हणजे बी.एड. नव्हे. माध्यमिक शाळेतल्या नोकरीला बी.एड. लागतं आणि ते पूर्णपणे ऑनलाइन होत नाही. भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेणार असाल, तर त्या अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी यूजीसीची मान्यता आहे ना, ते बघा; असेल तर ती नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. परदेशी पदवीची समकक्षता मात्र फी भरण्याआधीच तपासावी. नंतर हेलपाटे घालण्यात अर्थ नाही.