पाच रकाने

संपादकांचा निरोप स्पष्ट होता: युनिक्स सांभाळणाऱ्याच्या हत्यारांचा पन्नास वर्षांचा आढावा हवा, आणि या वेळी तरी क्रॉनवर घसरू नका. पहिली अट पाळतो. दुसरीचं पुढं बघू.

बेल लॅब्जमध्ये १९६९ साली थॉम्प्सन आणि रिची यांनी काय मांडलं, मॅकिलरॉय हात धुऊन मागं लागल्यावर १९७३ साली पाइपची उभी रेघ कशी आली, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. मला त्यातली एकच गोष्ट नोंदवायची आहे. त्या घरात यंत्राच्या व्यवस्थेसाठी वेगळी हत्यारं नव्हती. पासवर्डची फाइल म्हणजे कोलननं तोडलेल्या साध्या ओळी. ज्या ईडीत पत्र लिहायचं त्याच ईडीत ती उघडायची, आणि चुकलात तर ईडी एक प्रश्नचिन्ह टाकून गप्प बसणार. ग्रेप हे त्या ईडीचंच बाळ. मग सेड आला, १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांच्या आद्याक्षरांचा ऑक आला, आणि ज्याला मजकूर कापता-जोडता येतो त्याला यंत्रही सांभाळता येऊ लागलं. विणकराला शिंप्याचं काम यावं तसं.

व्हीआयबद्दल लिहीत नाही. बिल जॉयच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल या कळांवरच छापलेले होते, म्हणून आजही माझी बोटं तिथंच जातात. ईमॅक्सवाल्या मित्रांशी वाद घालायचं वय गेलं.

युजर काढणं-घालणं, डिस्क जोडणं ही रोजची भाकरी. तिचं वर्णन कुणी करत नाही. नेटवर्कमध्ये १९८३च्या बीएसडीतला आयएफकॉन्फिग लिनक्सवर निवृत्त होऊन आयपी आली, आणि माझी सवय मोडायला तीन वर्षं लागली. छपाईवर तर एक ओळही नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रांगेत अडकलेलं पासबुक ज्यानं सोडवलंय, तो त्या आठवणी पुन्हा काढत नाही.

मेनूवाल्यांशी मात्र भांडण आहे, आणि ते जुनं आहे. एससीओवर सिस-ॲडम-शेल होतं, एचपीवर सॅम, आयबीएमच्या एआयएक्सवर स्मिट. आमच्यातले एक थोर जाणकार अजूनही सभांमधून सांगतात की मेनू आले म्हणून युनिक्स बँकांपर्यंत पोचलं. वस्तुस्थिती अशी की बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि पुढं शाखाशाखांत जी पोरं त्या पेट्यांसमोर बसली ती काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत कमांड टाइप करूनच शिकली. मेनू शिकवत नाही, तो फक्त विचारतो. स्मिटला मात्र मी नमस्कार करतो. त्यात एफ-६ दाबलं की पडद्यामागं कुठली कमांड चालणार ते दिसायचं. केलेल्या कामाच्या कमांडा स्मिट एका फाइलीत उतरवूनही ठेवायचा. चित्राच्या खिडकीत एक माणूस धावायचा, काम फसलं की तो तोंडावर पडायचा. पडलेला माणूस दाखवायला प्रामाणिकपणा लागतो.

आता क्रॉन.

पंचांगाला अंगं पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. क्रॉनटॅबच्या ओळीलाही रकाने पाच: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यापुढं कमांड. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ही सगळ्या यंत्राची मिळून एकच फाइल होती. क्रॉन दर मिनिटाला जागा व्हायचा, तिच्यावरून नजर फिरवायचा, वेळ जुळली तर रूटच्या अधिकारात काम करायचा आणि पुन्हा झोपायचा. थोड्याच दिवसांत पर्ड्यू विद्यापीठात एकाच व्हॅक्सवर शंभर माणसांना आपापला क्रॉन हवासा झाला. तिथल्या रॉबर्ट ब्राउननं सिम्युलेशनच्या एका शोधनिबंधातली घटनांच्या यादीची युक्ती इथं लावली: पुढचं काम कधी आहे ते बघून तोवर झोपायचं. १९८७ साली पॉल व्हिक्सीनं स्वतःचा क्रॉन खुला केला, तो पुन्हा दर मिनिटाला उठणारा. जगभर तोच पसरला. मला यात काही चूक वाटत नाही. पहारेकऱ्यानं दर घटकेला टोला द्यावाच.

या पाच रकान्यांनी माझी जी फजिती केली, ती कुठल्याच कमांडनं केली नाही. १९९४चा मार्च. एका सहकारी बँकेच्या मुख्य शाखेत एससीओ युनिक्सची पेटी, तिला आठ टर्मिनलं. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर मी क्रॉनटॅबमधली एक वेळ बदलायला बसलो. संपादनासाठी द्यायचं अक्षर ई. त्याच्या शेजारची कळ आर. आर म्हणजे सगळं पुसून टाक. मी आर दाबलं आणि एंटर मारला. युनिक्स काम नीट झालं की काही बोलत नाही. तेव्हाही बोललं नाही. नुसता प्रॉम्प्ट आला.

शिपाई दारातून म्हणाले, "साहेब, चहा सांगू का?" मी म्हटलं, "सांगा. दोन सांगा."

वाचवलं ते क्रॉनच्याच लॉगनं. प्रत्येक काम कधी सुरू झालं, कुठली कमांड होती, हे तो लिहून ठेवत असे. ऑक लावून कमांडा वेगळ्या काढल्या, सारख्या ओळी सॉर्ट करून एकत्र आणल्या, वेळांवरून रकाने पुन्हा भरले. रोजची कामं सापडली. सोमवारची सापडली. महिन्याची सापडेनात, कारण लॉग दर पंधरवड्याला छाटायची व्यवस्था मीच केली होती. ती मिळाली आमच्या मोठ्या साहेबांच्या वहीत. निळ्या शाईनं, पाच उभ्या रेघा आखून, प्रत्येक ओळीपुढं कारण: "व्याजाची यादी, हेड ऑफिसला मंगळवारच्या टपालानं जाते." तोवर त्या वहीची मी मागून थट्टा करत असे.

त्यानंतर क्रॉनटॅब मी कधीच जागेवर बदलला नाही. वेगळी फाइल ठेवायची, ती बदलायची, आरसीएसमध्ये नोंदवायची, मग क्रॉनला द्यायची. आरसीएस म्हणजे वॉल्टर टिखीचं १९८२चं काम, तेही पर्ड्यूचंच. त्या विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही, पण ऋण आहे. आरसीएस नोंद करताना बदलाचं कारण विचारतो, आणि कारण लिहायला लागलं की निम्मे बदल माणूस करतच नाही.

क्रॉनच्या खोड्या सांगायच्या तर पहिली अंगारकीची. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले, तर दोन्ही जुळण्याची वाट तो पाहत नाही. एक जुळलं तरी पुरतं. अंगारकी क्रॉनला सांगायला गेलात तर तो प्रत्येक चतुर्थीला आणि शिवाय प्रत्येक मंगळवारी उपास घडवील. दुसरी खोडी महिनाअखेरीची. शेवटची तारीख या पाच रकान्यांत मांडताच येत नाही. तीस लिहा, फेब्रुवारी बुडाला. उपाय असा की काम २८ ते ३१ रोज उठवायचं. कॅलनं महिन्याचं पान छापायचं, ऑकनं कोऱ्या ओळी वगळून त्यातला शेवटचा आकडा उचलायचा, आणि तो आजच्या तारखेशी जुळला तरच पुढं जायचं. आणि हे सगळं क्रॉनटॅबच्या ओळीतच लिहाल तर तिसरी खोडी: तारीख काढताना येणारं टक्क्याचं चिन्ह क्रॉनला ओळ मोडायची खूण वाटते. हातानं चालवलेली कमांड बिनतक्रार चालते, रात्री तीच अर्ध्यात तुटते.

घड्याळ मागंपुढं करायचा उद्योग आपल्याकडं नाही हे भाग्य. अमेरिकेतल्या पेट्या पुण्यातून सांभाळताना कळलं की तिथं मार्चमधल्या एका रविवारी रात्रीचे अडीच वाजतच नाहीत. आपलं दुर्दैव वेगळं: भारनियमन. पेटी बंद असताना गेलेली वेळ क्रॉनच्या लेखी गेलीच. ॲनाक्रॉन आला तेव्हा राहिलेलं काम पेटी उठल्यावर करायची सोय झाली.

मग २०१० साली सिस्टिमडी आलं. पोटरिंगचं हे अपत्य मला आवडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधी त्याचं देणं देतो. त्याच्या टायमरात महिन्याची शेवटची तारीख एका चिन्हानं सांगता येते, आणि हुकलेलं कामही तो आठवणीनं करतो. पंधरा वर्षं मी जे कॅल आणि ऑकनं ओढत होतो ते त्यानं एका ओळीत केलं. मान्य. पण जे काम माझ्या एका ओळीत होतं त्याला आता दोन फाइली लागतात, एक कामाची आणि एक वेळेची, आणि लॉग असा की तो वाचायलाही त्याचीच कमांड हवी. १९९४ साली लॉग साध्या मजकुरात नसता तर मी काय केलं असतं? आमचे सिस्टिमडीवाले मित्र म्हणतात, तुम्ही आर दाबलंच नसतं. हे उत्तर नव्हे.

सीएफइंजिन, पपेट, अन्सिबल यांच्यावर स्वतंत्र लेख होईल, तो दुसऱ्यानं लिहावा. हजार पेट्या असतील तर हातानं फाइली बदलणं वेडेपणाच. सीएफइंजिनवाल्या बर्जेसनं १९९३ साली ऑस्लोत मांडलेला विचार चांगला होता: पायऱ्या सांगू नका, शेवटी यंत्र कसं दिसावं ते सांगा. तक्रार एवढीच, की हल्ली मुलाखतीला येणारी मुलं यंत्र कसं दिसावं ते सांगतात, पण पुढ्यात असलेलं यंत्र कसं दिसतंय ते बघत नाहीत. मागच्या वर्षी एकाला विचारलं, तुझी स्क्रिप्ट हातानं चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, तर काय बघशील? पाथ, हे एका शब्दाचं उत्तर. तो म्हणाला, "सर, ती मी क्लाउडवर हलवेन." आणि जिकडंतिकडं ओळीच्या शेवटी डेव्ह-नल. क्रॉन बिचारा कामाचं सगळं बोलणं टपालानं पाठवतो, आणि आपण ते उघडण्याआधीच अंधाऱ्या विहिरीत टाकतो.

घरच्या पेटीवर माझ्या क्रॉनटॅबमध्ये आता सहा ओळी उरल्यात. पहाटे चारला फोटोंचा बॅकअप, रविवारी डिस्कची तपासणी, अशाच. सहावी ओळ रोज रात्री एका जुन्या पेटीकडं फाइली पाठवायची. ती पेटी २०१६ साली भंगारात गेली. ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह लावलंय, आणि तिच्या वर, मोठ्या साहेबांसारखं, कारण लिहिलंय.