बोर्गचा महाल: शिंगं नाहीत, दगडी भिंतीही नाहीत

व्हायकिंग म्हटलं की शिंगांचं शिरस्त्राण, हातात कुऱ्हाड आणि लुटीच्या सोन्याने भरलेला दगडी महाल डोळ्यांसमोर येतो. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर, बोर्ग इथे सापडलेलं सरदाराचं घर पाहिलं की या चित्रातलं फार थोडं शिल्लक राहतं.

आधी महालाचं बघू. १९८१ साली इथल्या एका शेतात नांगरट करताना जुन्या वस्तीच्या खुणा वर आल्या. पुढे १९८६ ते १९८९ या काळात उत्खनन झालं आणि तब्बल ८३ मीटर लांबीच्या घराचा आराखडा हाती लागला. भिंत मात्र एकही उभी नव्हती, कारण हे घर लाकडाचं आणि गवताळ मातीच्या ढेकळांचं होतं. लाकडी खांब कुजून गेला तरी त्याच्या खड्ड्यात वेगळ्या रंगाची माती राहते. खुरपीने हलक्या हाताने पृष्ठभाग खरवडत गेलं की गडद गोल डाग दिसू लागतात; त्यांच्या ओळी जुळल्या की घर कळतं. पुरातत्त्वातला मोठा शोध बहुतेक वेळा असाच असतो, मातीच्या रंगातला फरक.

‘हे वैभव लुटीतूनच उभं राहिलं,’ असंही सर्रास म्हटलं जातं. पण इथलं पहिलं घर सहाव्या शतकाच्या आसपासचं, आणि ८३ मीटरचं घर साधारण इ. स. ७०० चं. इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावरचा गाजलेला हल्ला झाला ७९३ मध्ये. म्हणजे हल्ल्यांचं युग सुरू होण्यापूर्वीच हे घर उभं होतं! एकाच छपराखाली मेजवानीचं दालन, राहत्या खोल्या आणि गुरांचा गोठा. सरदार असला तरी तो शेतकरीही होता. ऱ्हाइन नदीच्या मुलखातली, कथलाच्या पत्र्याने सजवलेली सुरई, परदेशी काचपात्रांचे तुकडे हे सगळं या टोकापर्यंत पोहोचलं होतं. सोनंही सापडलं, पण नखाएवढ्या आकाराच्या पातळ पत्र्यांचं. त्यांवर समोरासमोर उभे असलेले स्त्री-पुरुष उठवलेले आहेत.

शिंगांबद्दल एवढंच, की व्हायकिंग काळातलं शिंगांचं शिरस्त्राण आजवर कुठेही सापडलेलं नाही. डेन्मार्कमधल्या वेक्सोची शिंगांची शिरस्त्राणं कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या दीड हजारांहून अधिक वर्षं आधीची. आजची प्रतिमा रुजली ती १८७६ मध्ये वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेमुळे.

बोर्गला १९९५ मध्ये संग्रहालय सुरू झालं. तिथे मूळ जागेजवळच त्याच लांबीचं लाकडी घर पुन्हा बांधलेलं आहे आणि आत चूलही पेटवली जाते.