डोहळे : गर्भिणीचे मन आणि त्याचे आध्यात्मिक वाचन

मराठीतील ‘डोहळा’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’, प्राकृत ‘दोहल’ या मार्गाने आला. ‘दोहद’ची व्युत्पत्ती मात्र निर्विवाद नाही. आयुर्वेदाच्या संहितांनी तो द्विहृदयाच्या कल्पनेशी जोडला. गर्भाचे हृदय व्यक्त झाले की स्त्री दोन हृदयांची होते आणि गर्भाच्या इच्छा तिच्या मुखाने प्रकट होतात, असे हे स्पष्टीकरण आहे. दुसरे मत ‘दौर्हृद’, म्हणजे बिघडलेले, खिन्न हृदय, या अर्थाकडे झुकते. पहिल्या व्युत्पत्तीत इच्छा गर्भाची आहे, दुसरीत अस्वास्थ्य स्त्रीचे. गर्भिणीच्या मनाविषयीचे भारतीय लेखन या दोन अर्थांमध्ये सतत हेलकावत राहिले आहे.

वैद्यकातही हे द्वैत आहे. डोहळे न पुरविल्यास अपत्यात व्यंग उपजते, असे सुश्रुत बजावतो. येथे चिंता अपत्याची आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या कार्यांसाठी सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्या गोष्टींची दीर्घ यादी येते. तीत गर्भ राहण्याटिकण्यासाठी कोणतेही औषध सांगितलेले नाही, ‘सौमनस्य’ सांगितले आहे. आज ‘गर्भसंस्कार’ या नावाने जे विकले जाते त्यात बुद्धिमान अपत्याचे आश्वासन ठळक असते, आणि सौमनस्य त्या आश्वासनाचे साधन होऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांतील सुमारे 15.6 टक्के गर्भवती स्त्रियांना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, जडतो. हे ध्यानात घेता, इच्छा नेमकी कोणाची हा प्रश्न केवळ शब्दव्युत्पत्तीचा राहत नाही.

कथात्म साहित्यात डोहळ्यांना आध्यात्मिक वळण लागते तेव्हा काय घडते, हे श्रीधरांच्या ‘रामविजया’त (शके 1625) विशेष स्पष्ट दिसते. दशरथ तिन्ही राण्यांना डोहळे विचारतो. कैकेयीच्या उत्तरात भावी वनवासाची बीजे आहेत, सुमित्रेच्या उत्तरात ज्येष्ठ बंधूच्या सेवेची. कौसल्येकडे तो येतो तेव्हा ती देहभानावर नसते. ती राजाला ओळखत नाही, स्वतःला राम समजून राक्षसवधाची भाषा बोलते. दशरथाला ही भूतबाधा वाटते. तो वसिष्ठांना पाचारण करतो, आणि वसिष्ठ ती ब्रह्मानंदाची अवस्था असल्याचे ओळखतात. एकच वर्तन पतीला व्याधी दिसते, गुरूला साक्षात्कार. श्रीधरांचा कौल अर्थातच गुरूच्या बाजूने आहे, आणि भक्तिकाव्यात तो तसाच असणार. तुलनेच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक गोष्ट दिसावी : अर्थाचा निर्णय दोन पुरुषांमध्ये होतो. कौसल्या बोलते खरी, पण तिच्या बोलण्यातला ‘मी’ तिचा नाही. द्विहृदयाची वैद्यकीय कल्पना येथे टोकाला गेली आहे. दुसऱ्या हृदयाने पहिल्याला पूर्णपणे व्यापले आहे.

भागवताच्या सप्तम स्कंधात हेच अधिक कठोरपणे येते. नारदांच्या आश्रमात कयाधूने ऐकलेला उपदेश काळाच्या ओघात आणि स्त्रीत्वामुळे ती विसरते. गर्भातील प्रल्हादाला तो आठवतो.

याउलट जैन ‘कल्पसूत्रा’तील त्रिशलेचा प्रसंग. आईला त्रास नको म्हणून महावीर गर्भात निश्चल होतात. त्रिशला गर्भ गेला असे समजून शोकाकुल होते. तिचे दुःख जाणून ते किंचित हलतात, आणि मातापिता जिवंत असेपर्यंत प्रव्रज्या न घेण्याचा निश्चय करतात. आईच्या मनाची व्यथा येथे गर्भाला वळण लावते, आणि तीर्थंकराच्या संन्यासाचा काळही तिच्यावर अवलंबून राहतो. ‘नायाधम्मकहाओ’तील धारिणी राणीला अकाली मेघांचे डोहळे लागतात. ती खंगते, पण मनातले सांगत नाही. दासींच्या नजरेत तिची कृशता आधी येते. तिला बोलते करण्यातच कथेचा मोठा भाग खर्ची पडतो. प्राकृत कथाकाराची ही सावकाशी संस्कृत महाकाव्यांत क्वचितच आढळते.

सीतेची इच्छा तर स्वतःच आध्यात्मिक आहे. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात तिला गंगातीरावरच्या तपोवनांचे दर्शन हवे असते. रामाने डोहळे विचारले, तिने सांगितले, आणि तीच इच्छा तिला रथात बसवून वनात सोडण्याचे निमित्त झाली. कालिदासाने ‘रघुवंशा’त आणि भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त हा दुवा जपला. विचारण्याचा विधी येथे फसवणुकीचे साधन ठरतो.

मराठी डोहाळगीतांत विचारणारा बदलतो. महिन्यामागून महिने मोजत सखी, नणंद, माहेरची माणसे विचारतात. उत्तरे बाग, चांदणे, झोपाळा, नाव अशी असतात, आणि डोहाळजेवणात ती शब्दशः उभी केली जातात. कौसल्या, देवकी आणि पुढे जिजाबाई या गीतांत आल्या, तरी गाणे म्हटले जाते ते समोर ओटी भरून बसलेल्या बाईसाठी. गर्भातील जीव कोण होणार हे येथे दुय्यम आहे. जात्यावरच्या ओव्यांनी मात्र वनातल्या सीतेला वारंवार आठवले : बाळंतपण आले आहे, आणि ‘तुला काय हवे?’ असे विचारायला जवळ ना सासू, ना माय.