तारखांच्या तक्त्याने उघड केलेला घोटाळा

मुहूर्त एकदा अचूक साधला तर तो योगायोग म्हणता येतो. अमेरिकेतील कित्येक कंपनीप्रमुखांना मात्र 1990 च्या दशकात तो वर्षानुवर्षे साधत होता, तोही इतका नेमका की पंचांगकर्त्यांनाही हेवा वाटावा. त्यामागचे गुपित तपासयंत्रणेच्या छाप्यातून बाहेर आले नाही. ते सापडले विद्यापीठात बसून तारखा आणि भाव यांचे तक्ते मांडणाऱ्या संशोधकांना.

मुहूर्ताचा हा विषय होता ‘स्टॉक ऑप्शन’चा. ऑप्शन म्हणजे कंपनीचे समभाग पुढे कधीतरी ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क. ऑप्शन ज्या दिवशी बहाल होतो, त्या दिवशीचा बाजारभाव हाच बहुधा ठरलेला भाव असतो. समभाग पुढे वधारला तर फरक अधिकाऱ्याच्या पदरात पडतो. घसरला तर हक्क वापरायचा नाही, एवढेच. साहजिकच भाव तळाला असताना ऑप्शन मिळणे सर्वांत लाभाचे.

न्यूयॉर्क विद्यापीठातील डेव्हिड यरमॅक यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की, ऑप्शन मिळाल्यानंतर समभागांचे भाव नेहमीपेक्षा अधिक वाढतात. शुभवार्ता जाहीर होण्याच्या तोंडावर अधिकारी ऑप्शन पदरात पाडून घेत असावेत, असा त्यांचा तर्क होता. आयोवा विद्यापीठातील एरिक ली यांना 1992 ते 2002 या काळातील हजारो नोंदी तपासताना याहून विलक्षण गोष्ट आढळली. त्या तारखांआधी भाव घसरत आणि नंतर चढत. शिवाय संपूर्ण बाजाराची चालही त्याच सुमारास अनुकूल वळण घेई. आपल्या कंपनीची आतली खबर अधिकाऱ्याला असणे समजू शकते. सगळ्या बाजाराचे भविष्य त्याला कसे कळावे? एक तर हे लोक त्रिकालज्ञ होते, किंवा तारखा मागाहून घातल्या जात होत्या. ली यांचा हा निबंध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला.

युक्ती अगदी साधी होती. समजा, जूनमध्ये समभाग 60 डॉलरला होता आणि ऑगस्टमध्ये 100 डॉलरवर गेला. ऑगस्टमध्ये कागद तयार करताना त्यावर जूनची तारीख घातली, की प्रत्येक समभागामागे 40 डॉलरचा लाभ जागच्या जागी निश्चित. तारीख मागे नेणे हा स्वतःहून गुन्हा नव्हता. ती भागधारकांपासून लपवणे हा होता. त्या वेळच्या हिशेबनियमांनुसार बाजारभावाने दिलेला ऑप्शन खर्चात धरावा लागत नसे, त्याहून स्वस्त दिलेला मात्र धरावा लागे. खोट्या तारखेमुळे हा खर्च दडपला जाई, नफा फुगलेला दिसे आणि त्या नफ्याकडे पाहून गुंतवणूकदार पैसे गुंतवीत.

हे इतकी वर्षे खपले कसे? कारण ऑप्शन मिळाल्याची माहिती रोखे आयोगाला आर्थिक वर्ष संपल्यानंतर 45 दिवसांपर्यंत कळवली तरी चालत असे. एन्रॉनच्या पतनानंतर झालेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ही मुभा काढून घेतली. 29 ऑगस्ट 2002 पासून दोन कामकाजी दिवसांत नोंद करणे बंधनकारक झाले. रँडल हेरॉन यांच्यासह ली यांनी केलेल्या अंदाजानुसार, पूर्वनियोजित नसलेल्या आणि बाजारभावाने दिलेल्या ऑप्शनपैकी 23 टक्क्यांच्या तारखांमध्ये या दिवसापूर्वी फेरफार होत असे. त्यानंतर हे प्रमाण 10 टक्क्यांवर आले. मोठमोठ्या शिक्षांच्या भीतीने जे साधले नव्हते, ते एका रूक्ष मुदतीने बऱ्याच अंशी साधले.

मार्च 2006 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही पद्धत वापरून विशिष्ट कंपन्यांच्या नोंदी तपासल्या. एका कंपनीप्रमुखाला लाभलेल्या तारखा निव्वळ योगायोगाने जुळून येण्याची शक्यता सुमारे 300 अब्जांत एक, एवढी क्षीण निघाली. या वृत्तमालिकेला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि शंभराहून अधिक कंपन्यांची चौकशी झाली. युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा कंपनीच्या माजी प्रमुखांनी सुमारे 46.8 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

न्यायालयात मात्र आकडे तेवढे निर्णायक ठरले नाहीत. हजार नोंदींत लबाडी आहे हे गणित सांगू शकते. अमुक कागदावर अमुक माणसाने जाणूनबुजून खोटी तारीख घातली, हे त्यातून सिद्ध होत नाही. ब्रोकेड कंपनीच्या माजी प्रमुखांना 2007 मध्ये दोषी ठरवण्यात आले, वरिष्ठ न्यायालयाने सरकारी वकिलाच्या वर्तनावर बोट ठेवून तो निकाल रद्द केला आणि 2010 मध्ये ते पुन्हा दोषी ठरले. ब्रॉडकॉमच्या प्रकरणातील खटले तर न्यायाधीशांनी 2009 मध्ये फेटाळूनच लावले.

राहिलेल्या 10 टक्क्यांचे कोडेही तक्त्यांनीच बऱ्याच प्रमाणात सोडवले. 2002 नंतरही भावांचा तो संशयास्पद चढउतार जिथे ठळकपणे उरला होता, तिथे बहुतांशी दोन दिवसांची मुदत पाळलीच गेली नव्हती.