आधी रक्त बघा, मग साधन निवडा

तांबी बसवावी की गोळ्या घ्याव्यात, हा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा जाऊबाईंच्या नाहीतर शेजारणीच्या अनुभवावर होतो. ‘तिला सोसलं नाही’ एवढ्यावर एखादं साधन बाद होतं. पण तिचं शरीर वेगळं, आपलं वेगळं. धारसारख्या भिल्लबहुल जिल्ह्यात हा फरक रक्तापासूनच सुरू होतो.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातल्या भैंसोल्यात मध्य प्रदेशातलं सिकलसेल तपासणीचं एक कोटीवं कार्ड दिलं गेलं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून रक्तक्षय होतो आणि हाडं फुटतील असं वाटायला लावणाऱ्या कळा येतात.

अशा बाईला तांबी बसवायला बंदी नाही. तांबीत संप्रेरकं नसतात, ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते. मात्र सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं, आणि हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर हे नुकसान परवडत नाही. माला-एनसारख्या गोळ्यांनी उलट पाळी हलकी होते. पण त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे कल वाढतो. सिकलसेलमध्ये तो धोका मुळातच असतो. रक्तदाब खूप वाढलेला असेल, किंवा अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा येत असतील, तर या गोळ्या नकोच. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईनेही सहा महिने त्या टाळाव्यात. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळी निष्प्रभ ठरू शकते. ही गोष्ट बायकांना फार क्वचित सांगितली जाते, याची मला खंत वाटते.

सिकलसेलच्या बाईसाठी ‘अंतरा’ इंजेक्शनचा विचार जरूर व्हावा. तीन महिन्यांनी एकदा घ्यायच्या या इंजेक्शनात इस्ट्रोजेन नसतं. १९८२ साली जमैकात झालेल्या एका छोट्या अभ्यासात ते घेणाऱ्या सिकलसेलग्रस्त स्त्रियांच्या कळा कमी झालेल्या दिसल्या. पाळी मात्र अनियमित होते, पुढे थांबतेही, आणि इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. लवकरच मूल हवं असेल तर हे साधन योग्य नाही.

‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, स्टेरॉइड नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. अंगावर पाजतानाही चालते. नुकतीच कावीळ झालेल्यांना आणि पीसीओएस असलेल्यांना देत नाहीत.

स्वतःला आजार नसलेल्या, नुसत्या वाहक स्त्रीला सिकलसेलमुळे यातलं काहीही वर्ज्य नाही. म्हणून रिपोर्टवर ‘वाहक’ लिहिलंय की ‘रुग्ण’, ते नीट वाचून घ्या.

मुलं पुरेशी झाली असतील तर सिकलसेलग्रस्त बाईला भूल आणि शस्त्रक्रियेच्या जोखमीत ढकलण्यापेक्षा नवऱ्याची नसबंदी कितीतरी सोपी. तिच्यानंतर साधारण तीन महिने निरोध वापरावा लागतो, एवढंच. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षांनंतरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं: स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. धार-देवासच्या पुरुषांनो, पुढच्या वेळी बायकोबरोबर दवाखान्यात जा आणि आधी तुमच्या ऑपरेशनची चौकशी करा.