आमची वेबसाइट आणि मराठीचा ‘ल’

मंडळाची वेबसाइट पेडण्यात मोबाइलवर उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता घातला (फुकट, लॉगिनही नको) आणि दोषी सापडला: डिचोलीतल्या मये तळ्याचा फोटो, मोबाइलमधून थेट चढवलेला, साडेचार एमबीचा. स्क्वूशने तो दोनशे केबीवर आणला. हे काम ब्राउझरमध्येच होतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही.

मला मात्र जास्त खुपत होते ते ‘ल’ आणि ‘श’. दोन्ही हिंदी वळणाचे दिसायचे! एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड ‘एमआर’ द्या. फॉन्टात मराठी रूपं असली, जशी नोटो सान्स देवनागरीत आहेत, की अक्षरं आपली दिसतात. तोच कोड पाहून स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. आमच्याकडे टेम्प्लेटमधलं ‘ईएन’ तसंच राहिलं होतं. ठेवणारी मीच.