गर्भाशयांतील गांठी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

"पिशवीला गांठ आहे, पिशवीच काढून टाकलेली बरी," हें वाक्य ज्या घरांत कधींच ऐकूं आलें नाहीं असें घर आमच्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. ऐकणारी बाई बहुधा रक्तस्रावानें पांढरीफटक पडलेली, आणि घरचीं माणसें तिच्याहून अधिक घाबरलेलीं! वस्तुतः पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयांत अशा गांठी होतात, व त्यांतील पुष्कळजणींना त्यांचा पत्ताही लागत नाहीं. ही स्नायूंची व तंतूंची वाढ आहे, कर्करोग नव्हे. त्रास नसेल तर तिला हात लावण्याचें सहसा कारण नसतें. परंतु बाई खंगत चालली असेल, किंवा गांठ गर्भधारणेच्या आड येत असेल, तर विचार करणें प्राप्तच आहे.

हा विचार गर्भाशय राखून करतां येतो, असें हिरिरीनें सांगणारा लंडनचा शस्त्रवैद्य व्हिक्टर बॉनी होऊन गेला. त्याच्या स्वतःच्या पत्नीचें गर्भाशय अशाच गांठींपायीं काढावें लागलें होतें, आणि तें जोडपें निपुत्रिक राहिलें. पुढें त्यानें एका स्त्रीच्या गर्भाशयांतून २२५ गांठी काढल्या आणि तें गर्भाशय जागच्या जागीं ठेवलें.

बॉनीला पोट उघडावें लागे. १९७९ च्या सुमारास जर्मनींतील कील येथील कुर्ट झेम यानें हेंच काम दुर्बिणीनें करून दाखविलें. बेंबीपाशीं एक आणि ओटीपोटावर दोनतीन बारीक छिद्रें पाडून, पोटांत वायु भरून, पडद्यावर पाहत गांठ सोलून काढावयाची आणि गर्भाशयाची भिंत आंतल्या आंत शिवावयाची. आमच्या मतें ही शिवणच शस्त्रवैद्याची खरी कसोटी होय.

आतां फलश्रुति. २०१४ सालीं ९ प्रयोगांतील ८०८ स्त्रियांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. पोट उघडण्यापेक्षां दुर्बिणीच्या पद्धतींत वेदना कमी, ताप कमी, व रुग्णालयांतील मुक्काम थोडा, असें त्यांत दिसून आलें. मात्र गांठी पुन्हां उद्भवण्याच्या बाबतींत फरक आढळला नाहीं. संततीसंबंधानें २००० सालीं प्रसिद्ध झालेला एक इटालियन प्रयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे : मूल होत नसलेल्या १३१ स्त्रियांत दोन्ही पद्धतींनंतर गर्भ राहण्याचें प्रमाण निम्म्याहून किंचित् अधिक, म्हणजे जवळजवळ सारखेंच होतें. तेव्हां छिद्र लहान म्हणून फळ मोठें, असें कोणीं समजूं नये.

धोक्याचें काय? इटलींतच अशा २०५० शस्त्रक्रियांची नोंद २००७ सालीं प्रसिद्ध झाली. गंभीर उपद्रव शंभरांत सुमारें दोघींस झाले. नंतरच्या ३८६ गर्भारपणांत शिवणीच्या जागीं गर्भाशय फाटण्याचा प्रसंग एकदांच आला, परंतु तो ३३ व्या आठवड्यांत, कळा सुरू होण्यापूर्वींच.

पुनरुद्भवाची गोष्ट मात्र बाईला आधींच सांगितली पाहिजे. कोरियांतील ५१२ स्त्रियांच्या पाहणींत पांच वर्षांत निम्म्याहून अधिक जणींस पुन्हां गांठी दिसल्या; पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागण्याचें प्रमाण मात्र शंभरांत सातच्या आंत राहिलें. गांठ दिसणें आणि गांठ छळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत! रजोनिवृत्तीनंतर गांठी बहुधा आपोआप आकसतात. म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षाचा हिशेब आणि तिसाव्या वर्षाचा हिशेब एकच नव्हे.

आणखी एक सावधगिरी. मोठी गांठ छिद्रांतून बाहेर काढण्यास तिचे तुकडे करावे लागतात. गांठीच्या नांवाखालीं कर्करोग दडलेला असल्यास तो तुकड्यांबरोबर पोटभर पसरूं शकतो. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०१४ सालीं हा संभव सुमारें ३५० त एक असा सांगितला; पुढील कित्येक अंदाज याहून पुष्कळ कमी आहेत. तरीही तुकडे बंद पिशवींतच करावेत, असा त्या प्रशासनाचा २०२० पासूनचा सल्ला आहे, आणि आपल्या डॉक्टरांस हा एक प्रश्न विचारण्यांत संकोच कसला?

शस्त्रक्रियेनंतर मिळणारा कागदही नीट जपावा. गांठ किती खोल होती, भिंत आरपार उघडली गेली कीं काय, हें त्यांत लिहून घ्यावें; दहा वर्षांनंतर परगांवीं बाळंतपण करणारी डॉक्टरीण प्रथम हेंच विचारील.